सांध्यांना लागणारा वेळ

पॉवरलिफ्टिंगमध्ये तीनच गोष्टी करायच्या असतात. बार खांद्यावर घेऊन खाली बसायचे आणि उठायचे, बाकावर पडून बार छातीला टेकवून वर ढकलायचा, आणि जमिनीवरचा बार धरून ताठ उभे राहायचे: स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन-तीन प्रयत्न मिळतात, तिन्हीतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज होते आणि तिच्यावर निकाल लागतो. या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ साली स्थापन झाला. ऑलिंपिकमध्ये तो अजून नाही, पॅरालिंपिकमध्ये मात्र त्यातली बेंच प्रेस आहे. इतक्या सुटसुटीत खेळाबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. घरचे म्हणतात, पाठ जाईल, गुडघे जातील, हे सोड. जिममधली मुले म्हणतात, फॉर्म बरोबर असला की काही होत नाही. ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. बहुतेक दुखापती वजन जड असल्यामुळे होत नाहीत आणि एखाद्या चुकीच्या झटक्याने तर त्याहून कमी होतात. वजन ज्या वेगाने वाढवले जाते, त्या वेगाला शरीराचे सगळे भाग सारखी साथ देत नाहीत, हे त्यांचे मुख्य कारण आहे. म्हणून दुखापत टाळण्याचे काम बार हातात येण्याच्या कितीतरी आठवडे आधी, वजन ठरवणाऱ्याच्या वहीत झालेले असते किंवा राहून गेलेले असते.

हा विषय मुळशी तालुक्यातल्या लवळ्यात मांडायला विशेष कारण आहे. या तालुक्याला ताकदीचे कौतुक नवे नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी करणारे मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातले, मुठा खोऱ्यातले. गावोगावच्या जत्रांत अजूनही कुस्त्यांचा आखाडा भरतो. दुसरीकडे, लवळ्यात सिंबायोसिस आणि फ्लेम या विद्यापीठांची संकुले उभी राहिली, रुग्णालय आले, मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आले. त्यामुळे या पट्ट्यात बार उचलणारे तरुण एका जातकुळीचे राहिले नाहीत. एकाच्या घरात आजोबांनी लाल माती अंगाला लावलेली असते. दुसरा वसतिगृहात राहतो आणि मोबाइलवर पाहून शिकतो. तिसरा पिरंगुटच्या कारखान्यात पाळी करून जिमला येतो. तिघांची झोप वेगळी, जेवण वेगळे, दिवसभरातले उभे राहणे वेगळे. तरीही तिघे बहुधा एकच तक्ता पाळत असतात, आणि तो कुठल्यातरी परदेशी विजेत्याने स्वतःसाठी बनवलेला असतो.

आधी घरच्यांच्या भीतीचा हिशेब करू. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंगमधल्या दुखापतींवर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१७ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. पॉवरलिफ्टिंगसाठी त्यात दर हजार तासांच्या सरावामागे १ ते ४.४ दुखापती असा पल्ला निघाला. युरोपातल्या व्यावसायिक फुटबॉल संघांची सात हंगाम पाहणी झाली होती, तिथे हाच आकडा सराव आणि सामने धरून ८ आहे, आणि नुसत्या सामन्यांचा २७.५. आठवड्याला चार दिवस दीड-दीड तास म्हणजे वर्षाला साधारण तीनशे तास. त्या हिशेबाने लिफ्टरच्या वाट्याला तीन वर्षांत एक ते वर्षाला सव्वा अशा दुखापती येतात. मुलाला फुटबॉल खेळायला आनंदाने पाठवणाऱ्या पालकांनी डेडलिफ्टला घाबरावे असे यात काही नाही. उलट, २०१४ साली पंचवीस चाचण्या आणि सव्वीस हजारांवर खेळाडू एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की इतर खेळांच्या खेळाडूंनी ताकदीचा व्यायाम केला तर त्यांच्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली येतात. नुसत्या ताणण्याच्या व्यायामांनी तसा फरक पडला नाही. योग्य मात्रेतले वजन सांध्यांचे रक्षण करते, हे आज पुराव्याने सांगता येते.

पण या आकड्यांवर विसंबून निवांत होणे चूक ठरेल. स्वीडनमध्ये २०१८ साली १०४ पॉवरलिफ्टरांची पाहणी झाली. त्यांतले ७० टक्के लोक विचारले त्या वेळी कुठल्या ना कुठल्या दुखापतीसह सराव करत होते. इथे दुखापत म्हणजे सरावावर परिणाम करणारी कोणतीही वेदना किंवा अडचण, अशी व्याख्या धरली होती. आणि सराव पूर्ण थांबवावा लागलेले होते फक्त १६ टक्के. हा दुसरा आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. या खेळातली नेहमीची दुखापत माणसाला झोपवत नाही. ती कंबरेत, खांद्यात किंवा खुब्यात कुरकुरत राहते. आज थोडी, परवा अधिक, वॉर्मअप झाला की गायब, रात्री पुन्हा हजर. रुग्णालयाच्या नोंदीत ती येत नाही, आईला कळत नाही आणि प्रशिक्षकाला सांगितली जात नाही. बाहेरून खेळ सुरक्षित दिसतो आणि आतून निम्म्याहून अधिक लोक काहीतरी सोसत असतात, याचा उलगडा इथे होतो. मोठ्या अपघातांकडे पाहून आपण या खेळाचे मोजमाप करतो आणि खरी झीज नजरेतून सुटते.

ती झीज होते कशी, हे समजायला शरीराच्या निरनिराळ्या भागांचा वेग पाहावा लागतो. नवा लिफ्टर उचलतो ते वजन पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने वाढते. त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो: आहेत तेच स्नायुतंतू अधिक संख्येने आणि एकदम कामाला लावायला ती शिकते. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, जिला जिममध्ये टेंडन म्हणतात, तिला महिनोनमहिने लागतात, कारण तिच्यात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. जड व्यायामानंतर पहिला एक-दीड दिवस तर कंडरेत कोलॅजेनच्या बांधणीपेक्षा मोडच अधिक होते. नफ्याची बाजू त्यानंतर सुरू होते. हाडाची झीज आणि भर यांची एक फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने जातात. कंडरा किती मंद आहे याचा सर्वात चकित करणारा पुरावा डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली दिला. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याचे प्रमाण टाचेवरच्या कंडरेत मोजून त्यांनी दाखवले की तिचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ नवा होत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाची कंडरा म्हणजे त्याला जन्मभर वापरायचा माल आहे. म्हणूनच सर्वात वेगाने प्रगती करणारा मुलगा सर्वात जास्त धोक्यात असतो. त्याचा मेंदू आणि मांड्या ऑगस्टमध्ये पोहोचलेल्या असतात, गुडघ्याखालची कंडरा अजून एप्रिलमध्येच असते, आणि बारला यातले काही ठाऊक नसते.

वेगाच्या या तफावतीचा एक क्रूर प्रयोग काही जण स्वतःच्या शरीरावर करतात. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी शरीरसौष्ठवपटूंची तपासणी झाली. स्टेरॉइड घेणाऱ्या ८८ जणांपैकी १९ जणांची कंडरा कधी ना कधी तुटलेली होती. न घेणाऱ्या ५४ जणांपैकी तिघांची. औषधाने स्नायू पुढे पळतो आणि कंडरा जागेवर राहते, हे याचे एक सरळ स्पष्टीकरण आहे. स्टेरॉइडविषयी बोलताना हृदय, यकृत, वंध्यत्व यांची भीती घातली जाते, ती योग्यच आहे. पण वीस वर्षांच्या मुलाला ती फार दूरची वाटते. दंडाचा किंवा छातीचा स्नायू हाडापासून सुटणे त्याला जवळचे वाटेल.

आता जिममधल्या मुलांचा आक्षेप. फॉर्म बरोबर असला की झाले, हे त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जेजुरीला दसऱ्याच्या वेळी खंडा उचलण्याची स्पर्धा होते. तो खंडा साधारण ४२ किलोचा. एवढ्या वजनाची डेडलिफ्ट कोणीही धडधाकट तरुण सहज करील. पण तेच वजन एका हाताने, हात लांबवून धरायचे म्हटले की भलेभले थरथरतात, कारण सांध्यावर पडणारा ताण किलोवर ठरतो तितकाच अंतरावर ठरतो. १५० किलोचा बार नडगीपासून अर्धी वीत पुढे गेला तरी कंबरेला वेगळेच वजन उचलावे लागते. इथपर्यंत फॉर्मवाल्यांचे बरोबर. चूक पुढे होते. फॉर्म एकदा शिकला की कायमचा आपला झाला, असे ते धरून चालतात. कॅनडात चोलेविकी आणि मॅकगिल यांनी १९९२ साली अनुभवी पॉवरलिफ्टरांच्या मणक्यांचे क्ष-किरण चलचित्र घेतले, तेव्हा कंबर बऱ्यापैकी वाकत होती, पण मणके आपल्या पूर्ण वाकण्याच्या मर्यादेच्या किंचित अलीकडे राहत होते. ती किंचित जागा हाच बचाव आहे, आणि थकवा, घाई, न पेलणारे वजन यांनी पहिल्यांदा तीच संपते. वजन बेताचे असेल तर बहुतेकांचा फॉर्म चांगला असतो. पाचव्या सेटच्या शेवटच्या रेपला तो बिघडतो तेव्हा दोष मुलाच्या लक्ष नसण्यावर ढकलला जातो. खरे तर आदल्या आठवड्यात कोणीतरी वहीत जास्तीचा आकडा लिहिलेला असतो. बेल्टचेही तेच. पोटातला दाब वाढवून तो उचलायला मदत करतो. पण कामगारांच्या कंबरपट्ट्यांविषयी अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९४ साली पुरावे तपासून सांगितले की निरोगी माणसाची पाठ त्याने वाचते हे सिद्ध झालेले नाही. बेल्ट बांधला म्हणून वहीतला आकडा माफ होत नाही.

वेळेचा प्रश्न महिन्यांपुरता नाही, दिवसाच्या तासांचाही आहे, आणि आपल्याकडे तो विशेष आहे. पहाटे पाचला व्यायाम करण्याची आपली जुनी रीत. वसतिगृहातली मुले वर्गाआधी आणि कारखान्यातली पहिल्या पाळीआधी जिमला जातात. रात्रभर आडवे राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक टक्क्याने उंच असतो, आणि त्यातली निम्म्याहून अधिक उंची उठल्यावरच्या पहिल्या तासात ओसरते. फुगलेली चकती वाकण्याला जास्त विरोध करते, म्हणून त्या तासात कंबर वाकवताना तिच्यावर आणि अस्थिबंधांवर कितीतरी अधिक ताण येतो. पहाटेचा व्यायाम सोडा असे मी म्हणणार नाही. उठल्यावर तासभर तरी चालणे-फिरणे व्हावे, पहाटे बेंच प्रेस आधी घ्यावी आणि जड डेडलिफ्ट संध्याकाळी ठेवावी, इतके पुरे. झोपेचेही इथेच सांगतो. शाळकरी खेळाडूंच्या एका अमेरिकी अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये दुखापतीची शक्यता १.७ पट निघाली. परीक्षेच्या आठवड्यात बारवरचे वजन उतरवावे, याला यापेक्षा वेगळे कारण लागू नये.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो मुळशीत हमखास येतो. जुन्या तालमीत कोणी कंडरा मोजल्या नाहीत, चकत्यांचे शास्त्र वाचले नाही, तरी पैलवान हजार-हजार बैठका मारत होते. मग हे सगळे कशाला? पहिले उत्तर असे की आपल्याला गोष्टी ऐकू येतात त्या टिकलेल्यांच्या. ज्यांचा गुडघा विसाव्या वर्षी गेला ते शेतीला लागले आणि त्यांची नावे कोणी सांगत नाही. पण दुसरे उत्तर जास्त महत्त्वाचे आहे, आणि ते तालमीच्या बाजूचे आहे. तालमीत मेहनत किती करायची हे पठ्ठा ठरवत नव्हता, वस्ताद ठरवत होता. नव्या पोराने आधी हौद्यातली माती खणायची, जोर-बैठका थोड्या मारायच्या, आकडा महिन्या-महिन्याने वाढायचा, लढत त्यानंतर. शिवाय जोर आणि बैठकांमध्ये भार असतो स्वतःच्या अंगाचा, आणि तो एका दिवसात दुप्पट करता येत नाही. संथपणा त्या व्यायामाच्या रचनेतच होता. लोखंडी बारने तो संथपणा काढून घेतला: दहा सेकंदांत दोन्ही बाजूंना वीस-वीस किलोच्या प्लेट चढतात. ज्या काळात वस्तादाची गरज सर्वात जास्त झाली त्याच काळात त्याची जागा रिकामी झाली. एक प्रशिक्षक एका वेळी पन्नास जणांवर नजर ठेवतो आणि त्याचा पगार फी भरणाऱ्यांना खूश ठेवण्यावर चालतो. राज्य सरकारच्या व्यायामशाळा विकास योजनेतून इमारत आणि साहित्य यांसाठी अनुदान मिळते. ते चांगलेच आहे, पण रॅक आणि बार येतात तेव्हा त्यांच्याबरोबर वजन ठरवणारा माणूस येत नाही. गावोगावी हा खेळ वाढवायचा असेल तर अनुदानाचा एक भाग माणसांच्या प्रशिक्षणावर खर्च व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

एका प्रकारच्या दुखापतीला मात्र वेगाचा हा नियम लागू नाही, आणि तिच्याबद्दल कुठलीही तडजोड चालणार नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या बिकानेरमध्ये सतरा वर्षांची एक राष्ट्रीय पदकविजेती मुलगी सरावात स्क्वॉट करत असताना २७० किलोचा बार मानेवर येऊन मरण पावली. स्पर्धेच्या मंचावर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच साहाय्यक उभे असतात. सरावात बहुधा एक मित्र पाठीमागे असतो, आणि अडीचशे किलो घसरले तर तो एकटा काहीही करू शकत नाही. बार पकडायला रॅकचे आडवे लोखंडी दांडे हवेत, योग्य उंचीवर लावलेले. आणि जड वजनाला दोन बाजूंना दोन माणसे. बेंच प्रेस एकट्याने करायची वेळ आली तर प्लेटच्या बाहेर क्लिप लावू नयेत, म्हणजे अडकलेला बार तिरका करून वजन उतरवता येते. इथे शरीराला वेळ देऊन भागत नाही. दांडे लावलेले असतात किंवा नसतात.

स्पर्धकांचा आक्षेप उरतो: जोखीम घेतल्याशिवाय पदक मिळत नाही. सांगलीच्या संकेत सरगरने ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात भारताला त्या स्पर्धेतले पहिले पदक मिळवून दिले. तो खेळ वेटलिफ्टिंग, पण प्रश्न तोच. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ उचलल्यावर १३९ किलोच्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला आला. सुवर्णपदक एका किलोने हुकले, २४८ विरुद्ध २४९. त्या तिसऱ्या प्रयत्नाला चूक म्हणायचा अधिकार कोणालाही नाही. वर्षानुवर्षांची तयारी ज्या क्षणासाठी असते, त्या क्षणी काय पणाला लावायचे हे खेळाडूने ठरवावे. पण त्याचा दाखला देऊन मंगळवारच्या सरावाला तेच धाडस केले जाते, तेव्हा हिशेब बदलतो. सरावात उचललेल्या सर्वोच्च वजनाला कोणी पदक देत नाही. वर्षाकाठी दोन-तीन स्पर्धा असतील तर दर आठवड्याला मॅक्स मारून पाहण्याची गरज कोणत्याही शास्त्राला सापडलेली नाही. कोपर आणि कंबर यांचे जे काही धाडसाचे भांडवल आहे, ते मंचासाठी राखायला हवे.

हा वेग किती असावा, याचे एकच सूत्र देता आले असते तर बरे झाले असते. या आठवड्याचा भार आणि मागच्या चार आठवड्यांची सरासरी यांचे गुणोत्तर काढून धोका सांगणारी एक पद्धत काही वर्षे फार चालली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तिच्या पायातल्या त्रुटी दाखवल्या. आकडा म्हणून ती सोडून द्यावी, सवय म्हणून ठेवावी: मागच्या महिन्यात काय केले ते लिहिलेले असल्याशिवाय पुढच्या आठवड्याचे ठरवू नये. वहीत वजन, सेट आणि रेपच्या शेजारी त्या दिवशीची झोप आणि दुखण्याची जागा लिहावी. दुखणे सरावात वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीला येत असेल तर वजन कमी करून चालू ठेवता येते. पूर्ण थांबणे हा बहुतेक वेळा वाईट इलाज असतो. दोन सकाळी ते वाढलेले सापडले तर तक्ता बदलायचा, आणि वेदनाशामक गोळी घेऊन तक्ता पुरा करायचा नाही. आपल्या जिममध्ये सर्वात लहान प्लेट बहुधा सव्वा किलोची असते, म्हणजे किमान वाढ अडीच किलोची. ३० किलोची बेंच प्रेस करणाऱ्या मुलीसाठी ती एका उडीत आठ टक्के होते. अर्ध्या किलोच्या चार प्लेट विकत घेणे ही कुठल्याही जिमची सर्वात स्वस्त खबरदारी ठरेल.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. जड वजन उचलताना लघवी निसटणे हा बाईच्या कमकुवतपणाचा पुरावा नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर क्षमतेपेक्षा जास्त दाब आल्याची ती खूण आहे, आणि व्यायामाने ती बहुतेकदा सुधारते. पुरुष प्रशिक्षकाला हे सांगायला मुली कचरतात आणि मग खेळच सोडतात. ज्या गावात मुलींचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे तरी महिन्यातून एकदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट बाईंनी जिममध्ये येऊन बोलण्याची व्यवस्था अवघड नसावी. आणि सगळ्यांसाठी, मुलगा असो वा मुलगी: कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, पाऊल उचलेना झाले, तर तेल, शेक आणि उसण उतरवणारा माणूस यांच्यात रात्र घालवू नये. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणे असू शकतात, तिथे तास मोजले जातात, आणि त्याच तासांत रुग्णालय गाठायचे असते.